बेळगाव सीमाभागात परिचारिका-प्रसाविका होताना

नर्सिंग केले की नोकरी लागते, या हिशेबाने आपल्याकडील बहुतेक घरे मुलीला या शाखेला घालतात, आणि हिशेब म्हणून तो चुकीचाही नाही. मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात प्रसूतिसेवेचे काम करायचे असेल, तर कोणत्या स्त्रीपर्यंत ही सेवा पोचत नाही आणि ती का पोचत नाही, हे पेशाच्या पहिल्या वर्षापासून पाहायला शिकावे लागते. नमुना नोंदणी पद्धतीच्या (जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीच्या) २०१८ ते २०२० या कालखंडातील अहवालानुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण भारतात ९७, कर्नाटकात ६९ आणि महाराष्ट्रात ३३ होते; दक्षिणेकडील राज्यांत कर्नाटकाचा आकडा सर्वांत जास्त होता. हे आकडे राज्यांच्या सरासरीचे आहेत. बेळगाव शहरात मोठ्या रुग्णालयापासून दहा मिनिटांवर राहणारी स्त्री आणि पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की बाहेरच्या जगापासून तुटणाऱ्या, खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या परिसरातील गावातली स्त्री, या दोघी त्या सरासरीत एकाच रकान्यात बसतात. पुढील मार्गदर्शनात शिक्षण, नोकरी आणि बढती यांविषयी जे सांगितले आहे, ते याच दुसऱ्या स्त्रीला डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहे.

शिक्षणाची निवड

बारावीनंतर, म्हणजे आपल्या भाषेत पीयूसीनंतर, तीन वाटा आहेत. ए.एन.एम. (सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे बाळंतपण करणारी परिचारिका) हा २ वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या मुलीला करता येतो आणि तो प्रामुख्याने उपकेंद्रातील कामासाठी आहे; कर्नाटकात या पदाला आता प्राथमिक आरोग्य सुरक्षा अधिकारी असे नाव आहे, जरी गावात सर्व जण 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई' असेच म्हणतात. जी.एन.एम. ही सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिसेवेची ३ वर्षांची पदविका आहे. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे असून त्याला विज्ञान शाखेतील भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. घरची परिस्थिती परवानगी देत असेल, तर माझे मत स्पष्टपणे बी.एस्सी.च्या बाजूने आहे, कारण पुढे अध्यापन, संशोधन किंवा प्रसूतिसेवेतील विशेष प्रशिक्षण यांपैकी काहीही करायचे ठरवले तरी दार उघडे राहते. जी.एन.एम. केलेल्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची २ वर्षांची सोय असल्यामुळे ती वाटही बंद होत नाही. फक्त वेळ जास्त जातो, आणि लग्नानंतर पुन्हा विद्यार्थिनी होणे आपल्या घरांत किती अवघड असते हे सांगण्याची गरज नाही.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात पाहू नये. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, आणि पदवी असेल तर ती राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की अभिमत विद्यापीठाची आहे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी पाहावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की विद्यार्थिनींना प्रसूतिकक्षाचा अनुभव कोणत्या रुग्णालयात मिळतो आणि तेथे महिन्याला किती बाळंतपणे होतात. रुग्णच नसलेल्या रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात नोंदवहीतील प्रसूती कागदावर पूर्ण होतात. पुढे रात्री दोन वाजता एकटीच्या जबाबदारीवर बाळ अडले की तो कागद उपयोगी पडत नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना बाहेर गाठून विचारावे, त्या खरे सांगतात.

कोल्हापूर, मिरज, सांगली येथेही अनेक मुली शिकायला जातात. तेथे शिकल्यास पहिली नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, आणि कर्नाटकात नोकरी करण्यासाठी ती कर्नाटक परिषदेकडे हस्तांतरित करून घ्यावी लागते. या कामाला वेळ लागतो, म्हणून नोकरीची जाहिरात येण्याची वाट न पाहता निकालानंतर लगेच अर्ज करावा आणि ना-हरकत प्रमाणपत्र, गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे तपासून घ्यावे.

कन्नड लिहिता येणे

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना अभ्यासक्रमाच्या इंग्रजीची भीती वाटते, पण ती दुसऱ्या वर्षापर्यंत ओसरते. खरी अडचण नंतर येते ती कन्नडची. बोलता येते म्हणून पुष्कळ जणी निर्धास्त असतात. मात्र राज्य सरकारच्या नोकरीसाठी कन्नडचे ज्ञान सिद्ध करावे लागते, शासकीय आदेश कन्नडमध्ये येतात, तायी कार्डावरच्या (गरोदर मातेच्या नोंदकार्डावरच्या) सूचना कन्नडमध्ये असतात आणि तालुका आरोग्याधिकाऱ्यांच्या बैठकीत चर्चाही त्याच भाषेत होते. जिला लिहिता येत नाही, तिचे म्हणणे बैठकीच्या इतिवृत्तात येत नाही. म्हणून शिकत असतानाच रोज अर्धे पान कन्नड लिहिण्याची सवय ठेवावी आणि रुग्ण पुढे पाठवतानाची चिठ्ठी कन्नड व इंग्रजी दोन्हींत बिनचूक लिहिता येईल इतका सराव करावा. सीमाप्रश्नाविषयी कोणाचे मत काहीही असो, प्रसूतिकक्षात तो वाद आणू नये.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खानापूरच्या पश्चिम भागातील किंवा निपाणीकडील मराठी स्त्री, बेळगाव शहरातील दखनी बोलणारी स्त्री आणि रामदुर्गची कन्नड स्त्री या एकाच वॉर्डात असतात. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी काय करणार आहेत आणि का, हे तिला तिच्या भाषेत सांगणे, आणि घरी जाताना धोक्याची लक्षणे, म्हणजे जास्त रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी, झटके, ताप, ही तिच्याच तोंडून परत म्हणवून घेणे, हे काम दोन-तीन भाषा येणारी सीमाभागातील परिचारिका इतर कोणाहीपेक्षा चांगले करू शकते. नोकरीच्या अर्जात आणि मुलाखतीत हे कौशल्य आवर्जून सांगावे. ते सांगायचे असते हेच आपल्या मुलींना माहीत नसते.

प्रसूतिकक्षातील पहिली वर्षे

नोकरीची पहिली तीन-चार वर्षे शक्यतो भरपूर बाळंतपणे होणाऱ्या ठिकाणी काढावीत: जिल्हा रुग्णालय, तालुका रुग्णालय किंवा चोवीस तास चालणारे प्राथमिक आरोग्य केंद्र. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत देणे, पार्टोग्राफ (बाळंतपणाची प्रगती नोंदवण्याचा तक्ता) कळा चालू असतानाच भरणे आणि नंतर आठवून न भरणे, रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला झटके येण्यापूर्वी ओळखणे, झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच तिला पुढे पाठवणे, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देणे, ही कामे हाताला बसेपर्यंत दुसरी कोणतीही जबाबदारी स्वीकारू नये. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा फ्रीजमधील तापमानाची नोंद रोज पाहणे हे औषध देण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

या संदर्भात बेळगाव जिल्ह्याचा एक इतिहास प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असायला हवा. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर एक अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांत ए.एन.एम. परिचारिकांनी बाळ जन्मल्यावर निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणि उरलेल्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. २००६ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या आणि अशा पुराव्यानंतर २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठीचे औषध म्हणून मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. या गोळ्यांना फ्रीज लागत नाही आणि त्या देण्यासाठी डॉक्टर हजर असावा लागत नाही. म्हणूनच आपल्या उपकेंद्रातील परिचारिकांच्या हातून झालेली ती चाचणी जगातील दुर्गम भागांसाठी महत्त्वाची ठरली.

त्याच अभ्यासासाठी रक्त मोजण्याची एक साधी युक्ती वापरली गेली. बाळंतिणीखाली प्लास्टिकची चादर घालायची, तिला खाली मापाच्या खुणा असलेली नरसाळ्यासारखी पिशवी जोडलेली असते, आणि त्यात साचलेले रक्त सरळ वाचायचे. बेळगावातच केलेल्या तुलनेत असे दिसले, की नजरेने केलेला अंदाज या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी असतो. याचा अर्थ असा, की अनुभवी परिचारिकासुद्धा 'फार नाही गेले' असे म्हणते तेव्हा रक्त पुष्कळ गेलेले असू शकते, आणि ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आधीच ८ आहे तिला तेवढे पुरते. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि तंझानिया येथील ८० रुग्णालयांत मापाची अशी चादर आणि उपचारांचा एकत्रित संच वापरला गेला, तेव्हा तीव्र रक्तस्राव व त्यातून होणाऱ्या गंभीर परिणामांत ६० टक्के घट झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तुमच्या केंद्रात अशी चादर नसेल तर ती मागावी, मागणी लेखी करावी, आणि ती येईपर्यंत भिजलेले कापड वजन करून मोजावे.

सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी यादीबद्दलही हेच म्हणता येईल. कर्नाटकातील एका प्रसूतिकेंद्रात जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी प्रथम वापरून पाहिली गेली, तेव्हा प्रत्येक बाळंतपणात करावयाच्या २९ गोष्टींपैकी सरासरी १० च होत होत्या. यादी आल्यावर त्या २५ झाल्या. माणसे तीच होती. ही यादी केसपेपरला जोडलेली असते, पण बाळंतपण झाल्यावर तिच्यावर सगळ्या खुणा एकदम करून टाकण्याची वाईट सवय सर्वत्र आहे. नव्या मुलीने ही सवय पहिल्याच आठवड्यात नाकारावी.

कळा देणाऱ्या स्त्रीवर ओरडणे, तिच्या मांडीवर चापट मारणे, 'तेव्हा कळले नाही का' असे बोलणे, हेही आपल्या प्रसूतिकक्षांतून गेलेले नाही, आणि गरीब, अल्पवयीन किंवा पाचव्या खेपेला आलेल्या स्त्रीच्या वाट्याला ते जास्त येते. केंद्र सरकारने २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री नातेवाईक ठेवण्यास मान्यता दिली आहे. ती सोबत आत घेतली की बोलण्याची भाषा आपोआप सुधारते.

नोंदीबाहेरची स्त्री कशी शोधावी

सीमाभागात सर्वांत जास्त हरवते ती माहेरी जाणारी. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्ही बाजूंना आहे. खानापूरची सून चंदगडला जाते, कागवाडची मिरज तालुक्यात, गडहिंग्लजची सून संकेश्वरला येते. सातव्या-आठव्या महिन्यात एका राज्याच्या यादीवर ती 'बाहेरगावी' होते आणि दुसऱ्या राज्याच्या यादीवर ती अजून आलेलीच नसते. नेमक्या याच आठवड्यांत रक्तदाब वाढतो. यावर उपाय कागदी आहे आणि तो तुमच्या हातात आहे: सहावा महिना संपताना प्रत्येक स्त्रीला विचारावे, की बाळंतपण कोठे करणार, माहेरचे गाव, तालुका आणि तेथील आशाताईचा फोन कार्डावर लिहावा, आर.सी.एच. क्रमांक (माता-बाल आरोग्य नोंदणीचा क्रमांक), रक्तगट, शेवटचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि आधीचे सिझेरियन ही माहिती पहिल्या पानावर इंग्रजी अंकांत ठळक लिहावी, म्हणजे लिपी न वाचता येणाऱ्या नर्सलाही कळेल. आणि पलीकडच्या परिचारिकेला स्वतः फोन करावा. असे फोन करण्याचा आदेश कोणी काढलेला नसतो, पण त्याला मनाईही नसते.

रुग्ण पुढे पाठवतानाही राज्याची हद्द आड येते. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि बेळगाव सुमारे ७५. कागवाडला मिरज जवळ पडते. तरीही सवयीने चिठ्ठी जिल्ह्याच्या ठिकाणी दिली जाते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी संस्थेत बाळंतपण, औषधे, रक्त आणि आहार मोफत आहेत, आणि हा कार्यक्रम दोन्ही राज्यांत चालतो. कोणत्या रुग्णालयात रक्तपेढी आहे, रात्री भूलतज्ज्ञ कोठे असतात, हद्दीपलीकडे १०८ ची गाडी जाईल का आणि न गेल्यास गावातील कोणाची जीप मिळेल, हे नवव्या महिन्यापूर्वी त्या घराशी बोलून ठरवावे.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात आणि कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत फडाजवळ कोपी बांधून राहतात. त्यांतील गरोदर स्त्री कोणत्याच उपकेंद्राच्या लोकसंख्येत धरलेली नसते, आणि तपासणीला येण्यासाठी एक दिवस सोडला तर उचलीतून तिची मजुरी कापली जाते. म्हणून टोळी फडावरून परतते त्या संध्याकाळच्या वेळी जावे, मुकादमाचा फोन घ्यावा, रक्तदाब व हिमोग्लोबिन तेथेच पाहावे आणि तिच्या गावच्या कार्डाची वाट न पाहता नवी नोंद करावी. निपाणी भागातील तंबाखू वखारीत व घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचेही असेच. त्यांना तपासणीची वेळ मालाच्या वेळेनुसार द्यावी लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडून गरोदर मातांची मोफत तपासणी होते, त्याच्या चार दिवस आधी आशा व अंगणवाडी कार्यकर्तीबरोबर बसून 'कोण आली नाही' अशी वेगळी यादी करावी. आलेल्यांची यादी वरिष्ठ मागतातच.

सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक या बाजूला देवदासी प्रथेतून आलेल्या घरांतील स्त्रियाही केंद्रात येतात. प्रथेवर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्यानेच बंदी घातली, पण पतीच्या नावाचा रकाना अजून मोठ्याने विचारला जातो. तो रिकामा ठेवता येतो. गरोदर मातेला आर्थिक मदत देणाऱ्या मातृवंदना योजनेच्या नव्या स्वरूपात पतीचे आधार कार्डही सक्तीचे नाही.

रक्तक्षयाविषयी थोडक्यात. गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० लोहाच्या गोळ्या देणे हे काम गोळ्यांची पाकिटे वाटून संपत नाही. मळमळ होते म्हणून त्या चुलीमागे राहतात. रात्री जेवणानंतर घ्यायला आणि चहापासून दूर ठेवायला सांगितले, तर पुष्कळ जणी घेतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्या स्त्रीला गोळ्यांवर ठेवू नये, तिला रुग्णालयात पाठवावे.

पुढच्या पायऱ्या

भारत सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी' असे पद निर्माण केले. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्या आणि किमान २ वर्षे बाळंतपणांचा अनुभव असलेल्या परिचारिकेला १८ महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर प्रसाविकांनी चालवलेल्या विभागात गुंतागुंत नसलेली बाळंतपणे स्वतःच्या निर्णयाने करता येतात. तेलंगणाने यात आघाडी घेतली. प्रसूतिसेवेत राहायचे असलेल्या परिचारिकेने या प्रशिक्षणाची जागा निघाली की प्रथम अर्ज करावा, असे मला वाटते, कारण वरिष्ठ परिचारिका वा अधीक्षक या बढत्यांत पगार वाढतो पण हात प्रसूतिकक्षातून निघून जातो. एम.एस्सी. करायची असेल तर प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा विषय घ्यावा. बेळगावात माता-बाल आरोग्याचे संशोधन दीर्घकाळ चालू असल्याने संशोधन परिचारिकेच्या जागाही निघतात; तेथे नोंद ठेवण्याची जी शिस्त लागते, ती उपकेंद्रात परत आल्यावरही कामी येते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याने १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्याची व्यवस्था केली आहे, त्यामुळे नोंदणी व नूतनीकरणाच्या नियमांवर लक्ष ठेवावे.

खासगी नोकरी घेताना नेमणूकपत्र, रात्रपाळीनंतर परतण्याची सोय आणि पगारपत्रक यांशिवाय हो म्हणू नये. कागवाडच्या पलीकडे म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये अवैध गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाल्यावर १९ भ्रूण पुरलेले सापडले, हे या भागातील प्रत्येक परिचारिकेने लक्षात ठेवावे. जेथे गर्भलिंगाविषयी कुजबुज चालते किंवा नोंदवही न ठेवता शस्त्रक्रिया होतात, ती नोकरी त्याच दिवशी सोडावी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

एखादी माता दगावली, तर आढाव्याच्या बैठकीत कागद बदलण्याचा दबाव येऊ शकतो. मातामृत्यू आढावा दोषी शोधण्यासाठी नसून उशीर कोठे झाला हे शोधण्यासाठी आहे, असे त्याची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. म्हणून वेळा जशा होत्या तशाच लिहाव्यात, खाडाखोड करू नये आणि आपल्या निवेदनाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

बदलीचा आदेश आला, की जाण्यापूर्वी येणाऱ्या परिचारिकेबरोबर एक दिवस काढून गरोदर मातांची यादी समोरासमोर द्यावी: कोण माहेरी गेली आहे, कोणाचे आधीचे सिझेरियन आहे, कोणत्या घरात सासूशी बोलावे लागते आणि कोणत्या घरात नवऱ्याशी. पलीकडच्या तालुक्यांतील परिचारिकांचे फोन क्रमांक त्या यादीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यावेत, आणि त्या प्रत्येकीला नव्या परिचारिकेचे नाव कळवावे.